खमंग आणि आंबटशौकी

इंग्रजी वृत्तपत्रे नियमाने चाळणाऱ्या मराठी वाचकाला ‘सॅलेशस’ हे विशेषण अपरिचित नसावे. एखाद्या मंत्र्याच्या घटस्फोटाचा दावा, एखाद्या नटीच्या मृत्यूची चौकशी किंवा एखाद्या मठाधिपतीविरुद्धची फिर्याद चव्हाट्यावर आली, की ‘गॉसिप’, ‘रूमर’ आणि ‘डीटेल्स’ या तीन नामांपैकी एकाच्या आधी ते हटकून येऊन बसते. आणि रात्रपाळीच्या घाईत असलेला आपला उपसंपादक ‘खमंग’, ‘चविष्ट’, ‘रसभरीत’ यांपैकी हाताला लागेल तो शब्द त्याच्या जागी ठेवून पुढच्या बातमीकडे वळतो. हे भाषांतर चुकले आहे एवढाच मुद्दा असता, तर तो कोशकारांच्या टिपणवहीत नोंदवून सोडून देता आला असता. परंतु त्या चुकीत दुसऱ्याच्या अब्रूकडे पाहण्याची आपली सवय उघडी पडते असे मला वाटते, आणि म्हणून त्या एका विशेषणाच्या निमित्ताने, गजालींचे, म्हणजे फुरसतीच्या गप्पांचे, माहेरघर अशी ज्याची ख्याती आहे त्या मालवणच्या किनाऱ्यावर राहून, थोडे सविस्तर लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दाची कैफियत घेऊ. लॅटिन भाषेत ‘सालिरे’ म्हणजे उडी मारणे. माजावर आलेल्या नरपशूच्या झेपेवरून त्या भाषेत कामातुराला ‘सालाक्स’ म्हणू लागले, आणि सतराव्या शतकात इंग्रजीने तेथूनच आपले विशेषण घडविले. आज लैंगिक गोष्टींविषयी अनुचित व फाजील कुतूहल चाळविणाऱ्या बोलण्याला वा लिखाणाला ते लावतात. या व्याख्येतील ‘अनुचित’ आणि ‘फाजील’ हे दोन शब्द काढून टाकले, तर विशेषणाचा प्राणच जातो. कारण ते उच्चारणारा माणूस त्या मजकुरापासून दोन पावले दूर सरून, कपाळाला आठी घालून बोलत असतो. पुढे झुकून, डोळे मिचकावून, मिटक्या मारीत सांगणाऱ्या इंग्रजाला त्याच्या भाषेत ‘ज्यूसी’ हा निराळा शब्द आहे, आणि आपल्या ‘खमंग’चे सोयरे तेच. एक शब्द सांगणाऱ्याचा आहे, दुसरा न्यायनिवाडा करणाऱ्याचा. आपण न्यायाधीशाच्या निकालपत्रावर सांगणाऱ्याचीच सही घेतो, ही खरी गफलत आहे.

दुसरीही एक गफलत होते, आणि ती इंग्रजी चांगले जाणणारेही करतात. ‘स्करिलस’ म्हणजे शिवराळ, विदूषकी थाटात दुसऱ्याची बदनामी करणारे. त्यात लैंगिक संदर्भ असेलच असे नाही, सोसायटीच्या चिटणिसाने सिमेंटच्या गोणी घरी नेल्या ही कुटाळकीही ‘स्करिलस’ ठरू शकते. ‘सॅलेशस’चा प्रांत केवळ शयनगृहापुरता मर्यादित आहे. आणि या दोहोंहून निराळा प्रश्न खरेखोटेपणाचा. २०१७ सालच्या जून महिन्यात अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपासयंत्रणेचे पदच्युत प्रमुख जेम्स कोमी यांनी सेनेटच्या समितीपुढे जी लेखी जबानी सादर केली, तीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याविषयीच्या एका टिपणातील मजकुराला त्यांनी दोन विशेषणे लावली होती: एक ‘सॅलेशस’ आणि दुसरे ‘पडताळा न झालेला’ या अर्थाचे. कायद्याच्या पेशातला माणूस असल्यामुळे त्यांना ठाऊक होते की पहिल्या विशेषणात दुसरे समाविष्ट होत नाही. मजकूर ओंगळ असून अक्षरशः खरा असू शकतो, आणि अत्यंत सोज्ज्वळ भाषेतला असून धादांत खोटा असू शकतो.

आपल्याकडे ही दोन टोके दाखविणारे दोन खटले विसाव्या शतकापूर्वीच होऊन गेले आहेत. पहिला मुंबईचा. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी १८६० साली वल्लभसंप्रदायाच्या काही महाराजांच्या आचरणावर लेख लिहिला. त्यावरून जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि १८६२ च्या आरंभी सुप्रीम कोर्टापुढे जी साक्ष झाली, ती त्या काळच्या सभ्य गृहस्थांनी घरी स्त्रियांच्या कानांवर पडू दिली नसती. साक्षीदारांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. तेरेखोलच्या खाडीपलीकडील मांद्रे हे त्यांचे गाव, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाचे ते शेजारीच. महाराजांवर आपण गुप्तरोगासाठी उपचार केल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले. मजकूर संपूर्णतः लैंगिक, परंतु भक्त कुटुंबांतील स्त्रियांच्या शोषणाचा प्रश्न त्यात होता, आणि एप्रिल महिन्यात निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. त्या साक्षीला ‘खमंग’ म्हणण्याची छाती कोणाची होणार नाही, आणि ‘सॅलेशस’ म्हणणेही अन्यायाचे होईल, कारण कुतूहल तेथे अनुचित नव्हते.

दुसरा खटला कोल्हापूरचा, म्हणजे फोंडाघाट चढून गेले की आमच्या वरच्या अंगाचा. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे हे तरुण छत्रपती शिवाजी महाराजांचा छळ करवितात, अशा आशयाची पत्रे हाती आल्यावरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभाऱ्यांवर झोड उठविली; पत्रे बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली, त्यांपैकी एकशे एक दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू शुद्ध, भाषा करारी, विषयात अश्लीलतेचा लवलेश नाही, आणि तरीही कागद खोटे! पुढे १८८३ साली अहमदनगर येथे नजरकैदेत असताना महाराजांचा शोचनीय अंत झाला, तेव्हा लोकांच्या मनातील संशय सर्वस्वी निराधार नव्हता असे म्हणणाऱ्यांची जीभ आवरणे कठीण झाले असेल. परंतु संशयाला आधार असणे आणि पत्र खरे असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोघा थोर पुरुषांना तुरुंगाच्या भिंतींआड शिकावे लागले.

आता ‘खमंग’कडे येऊ. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा वास पाणंदीपर्यंत येणाऱ्या या मुलखात त्या शब्दाविरुद्ध तक्रार करणे म्हणजे घरभेदीपणाच. पण वाटपाला लागू पडणारा शब्द शेजारणीच्या संसाराला लावला, की तिचा संसार आपल्या ताटात वाढला जातो, आणि चव कशी आहे याखेरीज दुसरा कोणताही प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. ही हकीकत खरी काय, ती सांगण्याचा अधिकार कोणाला, ती छापून कोणाचे हित होणार, हे सारे प्रश्न एका विशेषणाने बाद होतात. मराठीत ‘सॅलेशस’ला शब्दच नाही असे म्हणून हात झटकणाऱ्यांना मात्र एक आठवण द्यावीशी वाटते. असल्या मजकुराची चटक लागलेल्या माणसाला आपली भाषा ‘आंबटशौकीन’ म्हणते, आणि त्या शब्दात रुचीबरोबर तिरस्कारही पुरेपूर भरलेला आहे. इंग्रजीने मजकुराला नाव ठेवले, मराठीने तो चघळणाऱ्याला ठेवले. माझ्या मते मराठीचा नेम अधिक अचूक आहे, कारण मजकूर स्वतःहून कोणाच्या घरी जात नाही, त्याला नेणारा आणि घेणारा लागतो. ‘आंबटशौकी मजकूर’ असे म्हटले की ‘सॅलेशस’चे भाषांतर झाले, आणि वाचणाऱ्याच्या कानाला थोडा चिमटाही बसला.

गजाल ही याहून निराळी गोष्ट आहे, आणि ती समजल्याशिवाय आमच्याविषयी मत बनवू नये. २०१७ साली ‘गाव गाता गजाली’ या दूरचित्रवाणी मालिकेने हा शब्द घाटावर घरोघर पोहोचविला, तेव्हापासून मालवणी माणूस म्हणजे उभ्या गावाच्या चहाड्या करीत तिठ्यावर बसलेला निरुद्योगी प्राणी, असा एक समज पसरला आहे. गोव्याच्या कोकणीत ‘गजाल’ म्हणजे गोष्ट, प्रकरण, विषय; आमच्याकडे त्याच शब्दाला बैठकीचा, फुरसतीचा आणि सोबतीचा अर्थ चिकटला. खळ्यात सुपारी सोलताना, बावीवर पाणी भरताना, रापण ओढून झाल्यावर वाळूत टेकले असता, एस.टी.ची वाट पाहताना, श्राद्धाच्या पंगतीनंतर पडवीत पान लावताना जी चालते ती गजाल. तीत पावसाचा अंदाज असतो, बांगड्याचा भाव असतो, कोणाच्या कुळकायद्याच्या दाव्याची पुढची तारीख असते, मुंबईहून कोण उतरला याची वर्दी असते, आणि अर्थातच कोणाची सून माहेरी जाऊन बसली आहे हेही असते. गजाल रंगात आली की सांगणारीचा आवाज खाली येतो, मान थोडी पुढे होते, आणि ती म्हणते, “आयकलंस मां? माका खरा-खोटा काय म्हायत नाय हां, लोक म्हणतत ता सांगतंय.” यातले ‘लोक म्हणतत’ हे कायदेपंडितांनी अभ्यासावे असे वाक्य आहे, जबाबदारी झटकण्याची इतकी सुटसुटीत तरतूद कोणत्याही अधिनियमात आढळत नाही. परंतु त्याच क्षणी ऐकणारी विचारते, “कोण म्हणता?” आणि सांगणारीला एखादे नाव घ्यावेच लागते, नाहीतर गजाल तेथेच थंडावते. नाव घेतले की ऐकणारी त्या नावाची पत मनाशी तोलते: हिचे आणि तिचे बांधावरून वितुष्ट आहे, तेव्हा आठ आणे वजा, हा भाऊ दारूच्या दुकानातून ऐकून आला आहे, तेव्हा बारा आणे वजा. सावकाराने खतावणी पाहावी तसा हा हिशेब अशिक्षित म्हाताऱ्याही अचूक करीत, आणि खोटी कंडी पिकविणाऱ्याला पुढच्या जत्रेपर्यंत गावभर तोंड लपवीत फिरावे लागे.

असभ्य बोलण्यालाही आमच्या समाजाने जागा नेमून दिली होती, आणि ती नेमून देण्यात मला मोठे शहाणपण दिसते. शिमग्याच्या रोंबाटात ज्या बोंबा आणि शिव्या दिल्या जातात, त्या इतर दिवशी उच्चारल्या तर डोकी फुटतील. पण मांडावर, ग्रामदेवतेच्या नावाने, सर्वांच्या देखत त्या दिल्या जातात आणि ठरलेल्या दिवशी बंद होतात. दशावताराच्या रंगमंचावर संकासूर मालवणीत जी सरबत्ती सोडतो, तीत पुढे बसलेल्या खोतालाही सोडीत नाही; संवाद लिहिलेले नसतात, ज्या गावी प्रयोग असेल त्या गावच्या भानगडींची चाहूल नटाला दुपारच्या जेवणातच लागलेली असते, आणि रात्री आख्यानाच्या ओघात एखादा टोमणा असा काही सुटतो की ज्याला लागायचा त्याला लागतो व बाकीचे हसून मोकळे होतात. तेथेही बोलणारा दिव्यांच्या उजेडात उभा असतो, त्याचे नाव-गाव, मंडळी, मालक सर्वांना ठाऊक असतात. देवापुढचे गाऱ्हाणे तर याहून गंभीर. कोणी कोणाचे वाईट चिंतले असेल, वाकडे बोलले असेल, तर त्याचे निवारण कर असे सर्वांच्या वतीने मोठ्याने मागायचे, आणि जमलेल्यांनी “व्हय महाराजा” म्हणून रुकार द्यायचा.

हे सारे सांगताना मी गावाचे गोडवे गात आहे असा ग्रह होऊ नये. तिठ्यावरच्या या न्यायासनापुढे सर्वांना सारखा न्याय मिळत नसे, आणि स्त्रीला तर क्वचितच मिळे. गिरणीत नोकरी करणारा नवरा परळ-लालबागच्या खोलीत आणि बायको सासूच्या नजरेखाली गावात, अशी जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरीवर जगली. चवथीला आणि शिमग्याला भेटणाऱ्या त्या दांपत्यांच्या मधल्या महिन्यांवर गावाचे डोळे खिळलेले असत. मनीऑर्डर उशिरा आली तर तिकडे मुंबईत काहीतरी आहे, आणि पोस्टमन पडवीत दोन मिनिटे अधिक टेकला तर इकडे गावात काहीतरी आहे! आंबटशौकीनांना एवढे पुरे होते. असल्या बोलण्यातून एखादे निनावी पत्र बोटीने मुंबईला जाई, आणि पुढच्या खेपेला नवरा उतरे तो आधीच निवाडा करून. येथे “कोण म्हणता?” हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, कारण पत्राला तोंड नव्हते, आणि ज्या बाईविषयी ते लिहिले गेले तिला पुष्कळदा लिहिता-वाचताही येत नसे.

या मातीत वाढलेल्या दोन लेखकांनी या प्रकरणाच्या दोन बाजू आपल्यासमोर ठेवल्या आहेत. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेले आणि कुडाळला खानावळ चालविलेले चिं. त्र्यं. खानोलकर यांची ‘चानी’ आठवावी: गोऱ्या साहेबापासून झालेली, वेगळ्या वर्णाची म्हणून गावाने बहिष्कृत केलेली ती मुलगी, आणि दिवसा तिला नावे ठेवून रात्री तिचाच माग काढणारे गावातले प्रतिष्ठित. नावे ठेवणे आणि माग काढणे यांत विरोध नाही, ती एकाच वासनेची दोन रूपे आहेत, हे खानोलकरांनी ज्या निर्दय स्पष्टतेने पाहिले, त्या स्पष्टतेने ‘सॅलेशस’ या शब्दाची व्याख्या कोणत्या कोशाने केली असेल असे मला वाटत नाही. व्ही. शांताराम यांनी १९७७ साली तिच्यावर चित्रपट काढला. कादंबरीतला गाव मात्र पडद्यावर आला त्याहून पुष्कळ अधिक काळोखा आहे.

दुसरे आरवलीचे जयवंत दळवी. ज्या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात आणि तो रात्री गावावरून फिरून त्या झिजवितो अशी श्रद्धा आहे, त्या वेतोबाच्या गावचा हा माणूस. ‘ललित’ मासिक १९६४ साली केशवराव कोठावळे यांनी काढले, त्यात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने दळवींनी ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर वर्षानुवर्षे चालविले. ते सदर म्हणजे शुद्ध गजाल होती, फक्त ती मराठी साहित्यिकांची होती. कोणाला संमेलनाच्या अध्यक्षपदाचे डोहाळे लागले, कोणी कोणाच्या पुस्तकाला कशासाठी प्रस्तावना दिली, कोण सत्कारासाठी साठी पुरी होण्याची वाट पाहत बसला आहे, हा त्यातला मालमसाला. सोबत वसंत सरवटे यांची रेखाटने. टोपणनावामागे कोण आहे हे लवकरच जगजाहीर झाले, आणि ज्यांची थट्टा होई ती मंडळी पुढचा अंक आला की आपले नाव आहे काय हे आधी पाहत, नसले तर हिरमुसत. ‘चक्र’सारखी कादंबरी लिहून झोपडपट्टीतले उघडेवाघडे जीवन ज्याने न बिचकता रंगविले, त्या लेखकाला लैंगिक विषयाचे वावडे होते असे कोणी म्हणणार नाही; तरीही त्या सदराची ख्याती राहिली ती बोचऱ्या पण निर्विष विनोदासाठी. लेखकाने कादंबरीत काय करावे आणि जिवंत, नावानिशी ओळखता येणाऱ्या माणसाविषयी काय लिहावे, यांतली रेषा त्याला दिसत होती. आरवलीच्या गजालींनी ती त्याला शिकविली असावी, असा माझा तर्क आहे.

कायद्याने या बाबतीत काही मर्यादा घालून दिली आहे. १८६० च्या दंड संहितेच्या ४९९ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात, पहिला अपवाद असा आहे की मजकूर खरा असून त्याची प्रसिद्धी सार्वजनिक हिताची असेल तर बदनामीचा गुन्हा होत नाही. नुसते खरे असणे फौजदारी कायद्याला पुरत नाही, ही गोष्ट वार्ताहरांच्या ध्यानात फारशी राहत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, हेही आहेच. परंतु ज्या बाईची अब्रू गेली तिने वकील लावून, मालवणच्या न्यायालयात तारखांवर तारखा घेत, तोच मजकूर भर कोर्टात पुन्हा पुन्हा वाचून घ्यावा, अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे, आणि म्हणून प्रश्न फिरून शब्द वापरणाऱ्यांकडेच येतो.

आज निनावी पत्राला बोटीची गरज उरलेली नाही. गावच्या नावाने चालणाऱ्या फोनवरच्या गटांत वाडीतले, मुंबईचे, दुबईचे सर्वजण एकाच वेळी बसलेले असतात. एखादे छायाचित्र, दोन ओळींचा मजकूर, खाली ‘जसे आले तसे पाठवीत आहे’ ही नवी पळवाट, आणि सकाळच्या पेजेच्या आधी मुलीचे लग्न मोडलेले असते. ‘लोक म्हणतत’ कायम राहिले, “कोण म्हणता?” मात्र गेले. येथपर्यंत दोष फोनवाल्यांचा म्हणता येईल. पण दुसऱ्या दिवशी त्याच मजकुरावर स्थानिक पानात ‘तालुक्यात खमंग चर्चा’, ‘चर्चेला उधाण’ असे मथळे येतात, नाव दिलेले नसते, पण वाडी, वय, नवऱ्याची नोकरी इतके दिलेले असते की शेंबड्या पोरालाही नाव कळावे. ज्याची चौकशी करायची त्याची चौकशी नाही, ज्याला विचारायचे त्याला विचारलेले नाही, चर्चा चालू आहे एवढीच बातमी! ही बातमी नव्हे. वार्ताहराने फोन पाहून लिहिलेले हे निनावी पत्र आहे, आणि वृत्तपत्राचा शिक्का लागल्यामुळे ते पहिल्या पत्राहून अधिक घातक आहे.

करसनदासांसारखा प्रसंग वार्ताहरापुढे कधी येणारच नाही असे नाही. आश्रमशाळेत, वसतिगृहात, एखाद्या बाबाच्या मठात, पर्यटकांसाठी उभारलेल्या निवासांत काय चालते हे लिहावे लागेल, आणि ते लिहिताना लाजून चालणार नाही. तेव्हा साक्षीदार शोधावे, कागद तपासावेत, दुसऱ्या बाजूची कैफियत घ्यावी, आणि स्पष्ट शब्दांत छापावे. तो मजकूर ‘खमंग’ तर नसतोच, आंबटशौकीही नसतो. उरलेल्या मजकुराबाबत सिंधुदुर्गातील आणि एकूण मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांना माझी विनंती आहे की ‘खमंग’ हा शब्द त्यांनी पाककृतींच्या सदराकडे परत पाठवावा, आणि एखाद्या माणसाच्या खासगी आयुष्याविषयीची बातमी टेबलावर आली असता तिच्या मथळ्यात ‘आंबटशौकी चर्चा’ असे शब्द घालून पाहावेत. ते छापण्याची लाज वाटली, तर बातमीही छापू नये.